पेंटरनं आखलेली हद्द

ज्योतीराम पेंटर पोलीस खात्यात कधीच नव्हते, पण खात्याच्या भिंती त्यांच्याइतक्या कुणी पाहिल्या नसतील. धाराशिवकडून कासारवाडीला आले तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, ते पोलीस ठाण्यांच्या पाट्या रंगवत होते. नवे साहेब आले की अधिकाऱ्यांच्या फलकावर नाव चढवायचं, गेले की 'पर्यंत'च्या रकान्यात तारीख भरायची. कोणते साहेब तीन वर्षं टिकले आणि कुणाच्या नावाचा रंग वाळायच्या आत बदलीचा हुकूम आला, हे त्यांना तोंडपाठ होतं. एखादे साहेब कसे होते असं विचारलं, तर ते नाव किती लांब होतं तेवढंच सांगत.

२०१८ साली पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र आयुक्तालय झालं. काही ठाणी पुणे शहरातून आली, काही ग्रामीणमधून. चाकणकडची माणसं जागची न हलता शहर पोलिसांच्या हवाली झाली. आधी ग्रामीणच्या एसपींना सलाम होता, आता आयुक्त म्हणजे सीपी आले, आणि मधल्या पायऱ्यांवर डीसीपी, एसीपी. ज्योतीरामांना ही पुनर्रचना म्हणजे दिवाळीच. बॅरिकेडवरचं 'ग्रामीण' खोडा, जीपच्या दारावर नवं नाव घाला. कुणाच्या वर कोण याचे तक्ते त्यांनी इतक्या भिंतींवर काढले, की नव्या शिपायांच्या आधी त्यांनाच ते पाठ झाले.

त्यातच हद्दीचे नकाशे आले. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे एक ठाणं, पलीकडे दुसरं. दोन्हींच्या भिंतीवर एकेक नकाशा. अलीकडच्या भिंतीवर नेमका स्विचबोर्ड आडवा आला, पलीकडच्या भिंतीला ओल. उद्घाटन तर दुसऱ्या दिवशी. ज्योतीरामांनी एका ठिकाणी हद्दीची रेघ स्विचबोर्ड टाळून आत वळवली, दुसऱ्या ठिकाणी ओल टाळून, आणि दोन्ही ऑइल पेंटनं पक्क्या केल्या. नकाशे देखणे झाले. साहेबांनी पाठ थोपटली.

गेल्या मार्चात एका दुपारी तीनला कंपनीची पहिली शिफ्ट सुटली. ज्योतीरामांच्या पत्नी सुमनताई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात. ट्रकच्या वजनकाट्याच्या कोपऱ्यावर त्या बसची वाट पाहत होत्या. मोटरसायकलवरून दोघं आले आणि गळ्यातलं गंठण हिसकून गेले. मानेवर ओरखडा उठला. तिथल्या टपरीवाल्या गवराबाईंनी त्यांना बाकावर बसवलं, हळद लावली, नवऱ्याला फोन करायला लावला.

ज्योतीराम आले तेव्हा गवराबाई म्हणाल्या, "जावा ठाण्यात, पर तक्रार घ्यायचे न्हाईत. माजी शेगडी अन् सिलिंडर चोरीला गेला, तवा तीन खेपा मारल्या मी. हे म्हनत्यात तिकडं जा, ते म्हनत्यात इकडं जा."

"आमची वळख हाय, मावशी," ज्योतीराम म्हणाले.

ओळख होतीच. अलीकडच्या ठाण्यातले हवालदार सयाजी उठून उभे राहिले, चहा मागवला. मग म्हणाले, "पेंटर, तुमच्यासाठी काय पण करू. पण वजनकाटा आमच्या हद्दीत येत नाही. समोरच आहे ना नकाशा."

पलीकडच्या ठाण्यातही चहा मिळाला आणि नकाशाही दाखवला गेला. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, असा फलक दोन्हीकडे होता. तोही ज्योतीरामांनीच रंगवलेला. इथं त्याच्यापुढे कपाट आलं होतं.

ज्योतीराम नकाशासमोर उभे राहिले. ओल कधीच वाळली होती आणि वजनकाटा रेघेच्या बाहेर पडला होता. अलीकडच्या नकाशातही तो बाहेरच होता. म्हणजे तो कोपरा त्यांनी कुणाच्याच पदरात टाकला नव्हता. फ्लेक्सवाल्यांनी दुकानांची कामं केव्हाच नेली होती. उरली होती ती पोलिसांची, तीही 'पेंटरची रेघ चुकत नाही' एवढ्या नावावर.

"चला घरी," मानेला रुमाल धरून सुमनताई म्हणाल्या. "गेलं ते गेलं."

"घरी नाही," ज्योतीराम म्हणाले. "सयाजीरावांकडं."

सयाजींना त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "नकाशा चुकलाय. मीच चुकवलाय. स्विचबोर्ड आडवा आला म्हणून."

"सरकारी नकाशा कसा चुकेल, पेंटर?"

"कागदावर बरोबर हाय. भिंतीवर चुकलाय. कागद काढा."

कागद सापडायला पाऊण तास लागला. वजनकाटा अलीकडच्याच हद्दीत निघाला. सयाजींनी तो दोनदा वाचला, आत साहेबांना दाखवला आणि कॉम्प्युटरवर तक्रार घ्यायला बसले. साहेब बाहेर आले, भिंतीकडे पाहिलं आणि फार सौम्यपणे म्हणाले, "आता फ्लेक्सच करून घेऊ आपण."

"बरोबर हाय, साहेब," ज्योतीराम म्हणाले.

तक्रारीची प्रत पर्समध्ये ठेवून सुमनताईंनी एवढंच विचारलं, "त्या मावशीला कोण सांगणार? तुमी का मी?"

ज्योतीराम एकटेच टपरीवर गेले. लाजेनं त्यांना मान वर करवत नव्हती. स्विचबोर्डापासून सगळं सांगून ते म्हणाले, "चला मावशी, आता घेतील तुमची तक्रार."

गवराबाईंनी गाळणी खाली ठेवली. "म्हंजी त्या हवालदाराला मी उगंच शिव्या घातल्या व्हय?"

"उगंच."

"मला काय ठावं, तुमचं काम हाय ते."

"आता कळलंय ना," ज्योतीराम म्हणाले. "मला घाला."

गवराबाईंनी नवी शेगडी बंद केली, पदर खोचला आणि ठाण्यापर्यंतच्या वाटेत काही बाकी ठेवलं नाही. ज्योतीराम 'व्हय, व्हय' म्हणत त्यांच्या मागून चालत राहिले.