हे बरं की ते?

चष्मेवाले स्वभावाने गरीब, पण प्रश्न विचारायचे फौजदारासारखे. "हे बरं की ते? आता की मघाशी?" गिऱ्हाईक गोंधळून "हेच" म्हणायचं आणि चष्मा घेऊन जायचं. आपल्याला माणसाची पारख आहे, अशी चष्मेवाल्यांची खात्री होती.

एक म्हाताऱ्या बाई तिसऱ्यांदा चष्मा परत घेऊन आल्या. नंबर तर बरोबर निघत होता. चष्मेवाले वैतागले.

दुकानात मदत करणारी लेक हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवसभर काय बघतात ते तरी विचारा."

त्यांनी नाइलाजाने विचारलं, "आजी, दिवसभर डोळ्यांनी काय काय करता?"

आजी म्हणाल्या, "यजमान अंथरुणाला खिळलेत. वाचा गेलीय. मी खिडकीशी शिवत बसते आणि पलंगाकडे बघत राहते. ते ओठ हलवतात, मला ते वाचायचे असतात."

तीन चष्मे झाले, एकाचाही नंबर पलंगापर्यंतचा नव्हता! चौथा बसला.

झालं, चष्मेवाल्यांना नवा छंद लागला. जो येईल त्याला, "सांगा, काय काय बघता?" लोक भरभरून बोलू लागले. कुणी सुनेबद्दल, कुणी साहेबाबद्दल. बाक भरलेला, विक्री थंड. पण चष्मेवाले मात्र हवेत.

त्याच तोऱ्यात ते घरी बायकोला म्हणाले, "तुला माझ्याबद्दल काय वाटतं, मोकळेपणाने सांग."

तिने गॅस बंद केला आणि समोर बसली.

"अहो, मला चहा आवडत नाही."

"काय? इतकी वर्षं तर पितेस!"

"तुम्ही विचारता, कडक की फिका? त्यात 'नको' कुठे बसतं?"

चष्मेवाल्यांचं तोंड उतरलं. जेवण गार होईपर्यंत ती बोलत होती. लग्नानंतर तिला दुकानात बसायचं होतं, हेही त्यांना त्याच वेळी कळलं. "मग बोलली का नाहीस?" हा ओठांवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला, उत्तर त्यांना ठाऊक होतं.

आता काउंटरवर ती बसते. माणसं तिच्याशी बोलतात आणि चष्मेही घेतात. चष्मेवाले आत काचा घासतात. ती हाक मारते, "अहो, इकडे या, यांचं नीट ऐकून घ्या!" आणि ते मुकाट्याने येतात.