घर कुठे, असं विचारलं तेव्हा

वैभवीला अमेरिकेची राज्यघटना तोंडपाठ होती. शाळेत असताना नागरिकशास्त्राच्या स्पर्धेत तिनं अख्ख्या ओहायो राज्यात दुसरं बक्षीस पटकावलं होतं. कुठल्या राज्याच्या वाट्याला किती मतं, देशभरात जास्त मतं मिळवूनही उमेदवार हरतो कसा, हे ती जेवताना आईबाबांना समजावून सांगायची आणि मोहन-शैलजा कौतुकानं ऐकायचे. तिघांपैकी एकालाही तिथं मत देता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ती तीन वर्षांची असताना मोहनच्या नोकरीपायी हे कुटुंब ठाण्याहून कोलंबसला गेलं. कायम राहण्याच्या कार्डासाठी अर्ज केला, आणि भारतीयांच्या त्या रांगेत वर्षांमागून वर्षं गेली. रांग काही हलेना. वैभवीनं एकवीस वर्षं पूर्ण केली आणि वडिलांच्या व्हिसावरची तिची जागा गेली. शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून राहू दिलं. पुढे नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं नाही, आणि पोरगी जपानला, कावासाकी शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत येऊन पडली. भारतात तिचं आता कोणी उरलं नव्हतं आणि जपानमध्ये कधीच नव्हतं.

अशा मुलांना राहू द्यावं म्हणून तिकडे एक विधेयक होतं. गंमत म्हणजे त्याला दोन्ही पक्षांच्या लोकांचा पाठिंबा होता! भाषणं करताना दोघांनाही या मुलांसाठी गहिवरून यायचं. पण एक म्हणे, आधी सीमेचा बंदोबस्त करा. दुसरा म्हणे, आधी बाकीच्यांनाही यात घ्या. वरच्या सभागृहात शंभरातले साठ जमल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही, आणि श्रेय समोरच्याला जाईल या धास्तीनं साठ काही जमत नाहीत. दोन वर्षांनी निवडणूक होते, जुनं विधेयक केराच्या टोपलीत जातं आणि पुन्हा श्रीगणेशा. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचा हा पोरखेळ बघून कुणाचंही डोकं फिरावं.

वैभवीचं मात्र फिरलं नाही. सकाळी सहाला कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवली की ती वॉशिंग्टनला फोन लावायची. तिकडे तेव्हा दुपार कलत आलेली असे. खासदाराच्या कचेरीतलं कुणीतरी विचारायचं, विधेयकाच्या बाजूनं की विरोधात? बाजूनं, ती सांगायची. नोंद घेतली, धन्यवाद, म्हणून फोन बंद. मग ती नांबू लाइनची गाडी पकडून ऑफिसला जायची. तिकडच्या निवडणुकीच्या आठवड्यात तिनं ऑफिसातल्या फळ्यावर दोन पक्षांचा लाल-निळा नकाशा काढून सगळ्यांना निकाल समजावून सांगितला. तिचे साहेब नाकाजिमा-सान तिला अमेरिकनच समजत होते, आणि तिनंही कधी त्यांची चूक सुधारली नाही.

गेल्या मार्चमध्ये शैलजाच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. वैभवीनं पंधरा दिवसांच्या भेटीपुरता व्हिसा मागितला. मोहननं फोनवर तिची चार वेळा तयारी करून घेतली.

"हे बघ, त्यांना एकच भीती असते, की तू परत जाणार नाहीस. जॉब कावासाकीत, घर कावासाकीत. एवढंच बोलायचं. जास्त एक्सप्लेन करत बसू नकोस."

"हो बाबा. आय नो."

तोक्योतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या खिडकीपाशी ती फाइल घेऊन उभी राहिली. नोकरीचं पत्र, खोलीचा करार, वॉर्ड ऑफिसचा दाखला, सगळं नीट लावलेलं होतं. पलीकडचा अधिकारी मवाळ होता. त्यानं कागद चाळले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं घर कुठे आहे?"

"कोलंबस," वैभवी म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि चूक तिच्या लक्षात आली. ती घाईघाईनं कावासाकी, कावासाकी म्हणू लागली. अधिकाऱ्यालाही वाईट वाटलेलं दिसलं. पण नियम नियमच होता. त्यानं नकाराचा कागद पुढे सरकवला.

त्या रात्री झोप लागलीच नाही. सकाळी तिनं आईला व्हिडिओ कॉल केला. काहीतरी थाप मारता आली असती, पण तिला ते जमेना.

"आई, माझ्यामुळे झालं. घर कुठे विचारलं, आणि मी आपलं घर सांगितलं. मी खोटं बोलायला हवं होतं."

शैलजानं फोन चेहऱ्याजवळ घेतला. मग म्हणाली, "वैभू, वीस वर्षं मी दुसरं काय केलं गं? तुला तिथं घर वाटावं म्हणूनच सगळं केलं ना? बरोबर सांगितलंस तू."

दोघीही मग मनसोक्त रडल्या.

ऑपरेशननंतर शैलजा नऊ दिवस होती.

आई गेली की कंपनीत पाच दिवसांची रजा मिळते. वैभवीनं अर्ज भरला. नाकाजिमा-साननी उभं राहून, मान लववून दुःख व्यक्त केलं. मग जपून विचारलं, "वैभवी-सान, विमान कधीचं?"

"मी जात नाहीये," ती म्हणाली.

आपलं इंग्रजी कुठे चुकलं की काय, असं वाटून त्यांनी तेच पुन्हा विचारलं. तिनंही तेच सांगितलं.

ते पाच दिवस ती खोलीत बसून राहिली. सहाव्या दिवशी सकाळी सहाला सवयीनं तिचा हात फोनकडे गेला. तिकडे गेलं तरी आता आई भेटणार नव्हती, हे आठवलं आणि तिनं तो खाली ठेवला.