दगडोबांचं नाव गाळलं तेव्हा

किनवटकडच्या एका खेड्यातली पुनम नांदेडला राहून जुन्या ग्रीक-रोमन विनोदी नाटकांवर पीएच.डी. करते. विषय सांगताना तिच्या वडिलांना, पोलीस पाटील दगडोबांना, मध्येच दम लागतो.

उन्हाळ्यात हा विषय संशोधन समितीपुढे अडकला. अध्यक्ष वीरण्णा सर लातूरचे, प्रश्न विचारण्यात पटाईत.

"नाटकात बड्या माणसाची नाव घेऊन टर उडवायचे, आणि तो समोर बसून ऐकायचा? का ऐकायचा? उत्तर आण, नाहीतर विषय बदल!"

पुनमचं दोन वर्षांचं वाचन पाण्यात जायची वेळ आली. पुस्तकांत उत्तरं होती, पण तिलाच ती पटेनात. तशीच ती पोळ्याला गावी गेली.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की तिकडे झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या टोमण्यांच्या ओळी, म्हणतात. एकेकाची खेचायची आणि शेवटी 'हर हर महादेव' म्हणायचं. गावातले आनंदराजकाका त्यात तरबेज. गेल्या साली त्यांनी म्हटलं होतं,

"पाटलाचं भाषण, ढगांचा गडगडाट,
थेंब न्हाई पडला, गाव पाहून राहिलं वाट!"

यंदा पुनमने त्यांना हळूच गाठलं. "काका, बाबांना सोडा. बीपी हाय त्यांना."

काकांनी शब्द पाळला. सरपंच, डॉक्टर, कंपाउंडर, गुरुजी, सगळ्यांची हजेरी घेतली. दगडोबांचं नावही काढलं नाही.

घरी पुरणपोळी ताटात तशीच.

"काय झालं हो?" पुनमच्या आईने, तारामतीबाईंनी विचारलं.

"त्या कंपाउंडरवर सुद्धा म्हणला आनंदराज! मी गावात हाय का न्हाई?"

"मग बरंच की. गेल्या साली चिडला होता ना?"

"चिडलो होतो. पण हाय म्हणून चिडलो होतो!"

आपणच काकांना तसं सांगितल्याचं पुनमने मान खाली घालून कबूल केलं. दगडोबा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. ती मात्र परतताना बसमध्ये भराभर लिहीत होती.

दुसऱ्या बैठकीत तिने पुस्तकांआधी हेच सांगितलं. "सर, ज्याचं नाव घेतात तो गावचा असतो. नाव गाळलेला माणूस घरी जाऊन रुसतो. ग्रीकांचं असंच असेल असं मी म्हणत नाही, पण मला तेच तपासायचंय."

समितीत हशा पिकला. वीरण्णा सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"आमच्यावर येते का एखादी झडती?"

मार्गदर्शक मनिषा मॅडमनी टेबलाखालून पुनमचा पाय दाबला.

"येते सर," पुनम म्हणाली. "आधी सही करा."

सरांनी सही केली, पेनचं टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. "हं. म्हण आता. नाव घेऊन म्हण."