मागच्या रिक्षेने ये

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. विरारच्या फुलपाड्याला राहायचे, एका ऑफिसात टायपिंग करायचे. ज्याच्यावर माझं प्रेम होतं, त्याचीच मला भीती वाटायची. त्याचे अर्जही मीच टाइप करून द्यायचे. तो कधी ओरडला नाही. काही खटकलं की आठ-आठ दिवस अबोला धरायचा आणि मी माझी चूक शोधत बसायचे.

एका रविवारी आम्ही त्याच्या मित्राकडे निघालो. वसई स्टेशनबाहेर शेअर रिक्षात एकच जागा होती. तो बसला, "मागच्या रिक्षेने ये," म्हणाला आणि गेला. मागची रिक्षा काही येईना. उशीर झाला तर तो पुन्हा बोलणं टाकेल, या धास्तीने मी सारखी मागे वळून रस्ता बघत होते.

शेजारी केळी विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "बाय, कोन लागलंय तुझ्या मागं?"

"कोणी नाही," म्हणता म्हणता मला रडू फुटलं. मी विरारची बस पकडली.

त्यानंतर शेजारच्या काकूंकडचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून दाराशी यायचे. नवव्या दिवशी तो बोलला.

"माझा अर्ज टाइप झाला का?"

त्या दिवशी मी घरी कशी पोचले, हे तो विचारेल म्हणून मी थोडं थांबले. त्याने विचारलं नाही.

"नाही केला. करणारही नाही." मी म्हणाले.

त्याने फोन ठेवला. मी रिसीव्हर धरून तशीच उभी होते. काकूंनी तो हातातून काढून घेतला आणि मला खुर्चीत बसवलं. त्याचा फोन पुन्हा आला नाही, तरी घंटा वाजली की मी कितीतरी महिने दचकत होते.