उठवेल त्याची फटफटी

गॅरेजात दोन गोष्टी कुणी विकत आणत नाही, तरी त्या साठत जातात. एक म्हणजे कुठल्या गाडीचे ते न कळणारे नट, आणि दुसरे किस्से. नट मी गॅरेज सोडताना भंगारात घातले. किस्से भंगारवालाही घेईना, म्हणून तुम्हाला सांगतो!

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. लोणावळ्यात मुंबई रस्त्याला करीमभाईंचं गॅरेज होतं आणि मी तिथे फिटर. करीमभाईंना सगळे उस्ताद म्हणायचे. गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी देहूरोडच्या लिलावातून मिलिटरीची एक फटफटी आणली आणि दुरुस्तीला आमच्याकडे टाकली. पाच मणांचं धूड!

डॉक्टरांचा बेत चांगला होता. दवाखान्याच्या नर्स सगुणाबाई अडलेल्या बाळंतिणींसाठी आडगावांना सायकलवरून जायच्या. त्याच उन्हाळ्यात त्या पोचायच्या आत एक बाळंतीण गेली होती. बाईंच्या मनाला ते फार लागलं होतं. डॉक्टरांचा गुडघा कामातून गेलेला, तेव्हा फटफटी चालवणार कोण? बाई म्हणाल्या, "मी."

नऊवारीचा काष्टा घट्ट मारून बाई आठवड्यात चालवायला शिकल्यासुद्धा. पण उस्ताद अडून बसले. "चालवता कुणालाही येते. मावळातल्या चिखलात ही आडवी झाली, तर हाक मारायला माणूस नसतं. एकट्यानं उभी करून दाखवा, मग न्या."

बाईंनी हँडल धरून ओढलं. गाडी तसूभर हलली नाही. "उद्या येते," एवढंच म्हणाल्या. मग रोज यायला लागल्या. आणि गाडी रोज अंगणात आडवी दिसू लागल्यावर गावात ज्याला त्याला तिला उठवायची हौस आली!

*

पहिला शहाणा मीच. बाईंना दाखवतो म्हणून पुढे झालो. गाडी अर्धी वर आली, माझा पाय घसरला, आणि ती येऊन माझ्या मांडीवर विसावली. मी जीव खाऊन बोंबललो. उस्ताद धावत आले, वाकले, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि शांतपणे उभे राहिले!

"उस्ताद, मी खाली आहे!"

"दिसतोस ना. पण पेट्रोल रेशनवर मिळतं, तू नाहीस!"

बाई मात्र धावत आल्या. मांडी तपासून म्हणाल्या, "काही नाही झालेलं. ओरडायला चांगलं जमतं तुम्हाला."

*

मग आला धोंडिबा पैलवान. मावळातल्या जत्रांत त्याची पाठ अजून कुणी मातीला लावली नव्हती. त्याने शड्डू ठोकला आणि एका हिसक्यात गाडी वर! इतकी वर, की थेट पलीकडे जाऊन आडवी. तिकडून उचलली, तर अलीकडे पडली. उचलायच्या आधी पलीकडचा स्टँड खाली काढून ठेवावा लागतो, हे त्या पहाडाला सांगायची आमची छाती नव्हती.

शेवटी धापा टाकत तो खाली बसला. "लोळवायचं म्हना, कुनालाबी लोळवतो. उभं करायचं आमाला कुनी शिकिवलंच न्हाई!"

*

उर्से गावचे बबनआबा बाजाराला चालले होते. गर्दी बघून थांबले.

"बसल्यालं जनावर असं उटतंय व्हय? शेपूट पिरगाळा!"

"आबा, हिला शेपूट नसतं."

"मग ह्ये काय हाय?" म्हणत आबांनी सायलेन्सर धरला. उस्तादांनी गाडी नुकतीच फिरवून आणून आडवी केली होती, त्यामुळे सायलेन्सर चांगलाच तापलेला! आबा जागच्या जागी हातभर उडाले. बाईंनी हाताला मलम लावलं, तेव्हा फुंकर घालत म्हणाले, "लय येगळं जनावर हाय. शेपूट तिचं पिरगाळलं आन् उटलो मी!"

*

आठवडा असाच गेला आणि डॉक्टर कंटाळले. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या शेठनी गाडी मागितली होती. रविवारपर्यंत बाईंना जमलं नाही तर गाडी शेठची, असं ठरलं. बाईंचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, अगदी मांडी दुखत असतानाही!

शनिवारी शेठ गाडी बघायला आले. उस्तादांची अट सगळ्यांना सारखी. "उठवून दाखवा."

शेठनी टाळी वाजवली. दोन नोकर पुढे आले.

"आणि घाटात पडली तर?"

"हे दोघे टांग्यातून मागे येतील."

"मग टांगाच चालवा की, शेठ! तो पडत नाही."

शेठ हसले, पण जाताना बजावून गेले, "उद्या गाडी न्यायला माणूस पाठवतो."

*

रविवारी सकाळी अंगण भरलं. डॉक्टर, पैलवान, हाताला पट्टी बांधलेले आबा, शेठचा माणूस, सगळे हजर.

बाई आल्या. कॉक बंद केला. चाक फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकली. पलीकडचा स्टँड खाली काढला. मग गाडीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी चक्क पाठ फिरवली.

"सोडला नाद बाईंनी," डॉक्टर पुटपुटले.

पण बाई तशाच मागे सरकल्या आणि सीटला पाठ टेकून उकिडव्या बसल्या. एक हात हँडलला, दुसरा मागे सीटखालच्या नळीला. टाचा मातीत रोवल्या. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता. कसा ऐकणार? अशा वेळी आम्हा पुरुषांना ओसरीवर हाकलतात!

"घाबरायचं नाही. श्वास घ्या… आता लावा जोर!"

हे बाई स्वतःला सांगत होत्या की गाडीला, देव जाणे. पण अंगणातल्या यच्चयावत पुरुषांनी श्वास घेतला आणि जोर लावला! पैलवानानं दाराचा खांब गच्च धरला. आबांनी तोंडात धोतराचा सोगा धरला. उस्तादांनी तर डोळेच मिटले.

"थोडं राहिलं… अजून एक जोर… आलंच!"

बाई पाठीनं रेटत एकेक पाऊल मागे सरकत होत्या. गाडी करकरली, कलली, वर आली. आणि खट्कन स्टँडवर उभी राहिली.

उस्तादांचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं?"

सगुणाबाईंनी पदरानं कपाळावरचा घाम पुसला.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "पाच मणांची!"