आमच्या घोडीच्या रक्तातली सूज

मी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तेव्हा आमच्याकडे घोड्यांच्या रक्तातलं एक प्रथिन मोजायचं काम चालू होतं. अंगात कुठे सूज धरली की हे प्रथिन वाढतं आणि बाकीच्या शरीराला सावध करतं. आजारी घोड्यांचं रक्त भरपूर मिळालं होतं, निरोगी घोड्यांचं कमी पडत होतं. म्हणून नेरला घरी गेले तेव्हा तिथल्या गुरांच्या सरकारी डॉक्टरांकडून बाबांच्या घोडीचं रक्त काढून आणलं. बाबा तिला वरातीत नेतात. ती नीट खात होती, नीट चालत होती.

चाचणीच्या प्लेटमध्ये शेवटचं आम्ल टाकलं की निळा रंग पिवळा होतो. प्रथिन जास्त तितका पिवळा गडद. निरोगी घोड्यांच्या ओळीत एकाच नमुन्याच्या दोन्ही खाचा हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. नंबर पाहिला. आमचीच घोडी.

माझ्याच हातून चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी लावली. तेच आलं.

हे प्रथिन सूज आहे एवढंच सांगतं. कुठे आहे, कशानं आहे, ते सांगत नाही. माझ्या डोक्यात एकच नाव फिरू लागलं, ग्लँडर्स. हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, आणि तो निघाला तर जनावर मारून पुरावं लागतं. बाबा घोडीचं नाक स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसतात. आणि आठवडाभर त्यांना खोकला होता.

मी फोन केला. "बाबा, घोडीच्या नाकातून काही येते का?"

"नाही. काहून?"

"डॉक्टर पुन्हा रक्त नेतील. तोवर तिच्याजवळ जाऊ नका."

बाबा म्हणाले, "तिले पाणी कोन दाखवीन मंग?"

नमुना बाहेरच्या राज्यातल्या प्रयोगशाळेत गेला. मी रजा टाकून नेरला आले. रोज सकाळी हातमोजे घालून घोडीच्या नाकपुड्या, जबड्याखालच्या गाठी तपासायची. तिनं फुरफुर केलं की मी मागे सरायची, आणि लहानपणापासून जिच्या अंगाखांद्यावर हात टाकला तिला भिते म्हणून लाजायची. बाबांचा खोकला आतल्या खोलीतून ऐकू आला की मी जेवता जेवता थांबायची.

चौथ्या दिवशी ती लंगडू लागली. बाबांनी नालबंद चाचांना बोलावलं. चाचांनी तिचा पुढचा पाय स्वतःच्या गुडघ्यांत धरून खुराला चिमट्यानं जागोजागी दाबलं. एका ठिकाणी तिनं पाय झटक्यानं ओढला.

"खुरात पू हाय," चाचा म्हणाले. "आत केव्हाचं काही रुतलं असंन."

डॉक्टर आले. तळव्याला भोक पाडल्याबरोबर काळं, घाण वासाचं पाणी वाहिलं आणि मागोमाग बाभळीच्या काट्याचा तुकडा आला. बाबा भिंतीला टेकून खाली बसले.

प्रथिन त्यानंच वाढलं असणार, तरी माझी भीती गेली नाही. काटा होता म्हणून दुसरं काही नसेलच असं थोडंच होतं? ग्लँडर्सचा अहवाल यायला आणखी नऊ दिवस लागले. रोग नव्हता. त्याच दिवशी मी बाबांना यवतमाळला नेऊन छातीचा फोटो काढला. तोही साफ निघाला.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "तू मले घोडीपाशी जाऊ देत नव्हती, पन मी रोज पहाटे जाऊन येत होतो. तू झोपलेली राहे."

मला राग आला नाही. फक्त मांडीवरच्या पाकिटातून त्यांच्या छातीचा फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात पुन्हा पाहिला.