एका थेंबात दोन डोळे

माझ्या बायकोच्या मामांनी आजवरच्या आयुष्यात एकही वस्तू संपू दिलेली नाही. साबणाची वडी झिजून पापुद्र्याएवढी झाली की ती नव्या वडीच्या पाठीवर चिकटते आणि ती झिजली की पुढच्या वडीवर. त्यामुळे सांगलीहून नोकरीसाठी बंगळूरला आले तेव्हाच्या पहिल्या वडीचा काही अंश त्यांच्या न्हाणीघरात अजून असावा, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटतं. पंखा ते उठताना बंद करत नाहीत, उठण्याच्या जरा आधी करतात. "बटण बंद केल्यावरही पाती फिरतातच ना, जावईबापू? तेवढा वारा फुकटचा," असं म्हणून पाती पुरती थांबेपर्यंत समाधानाने बसून राहतात. एका सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांची गळती थांबवली आणि निवृत्त झाल्यावर मल्लेश्वरमच्या घराची थांबवायला घेतली. कोथिंबीर घेताना बाकीची गिऱ्हाइकं वर चार काड्या मागतात. मामा मात्र "अण्णा, स्वल्प कोडी" म्हणजे थोडीच द्या असं सांगून जुडी अर्धी करून घेतात, कारण उरलेली वाळली तर त्यांना जेवण जात नाही.

पण त्यांना कोणी कंजूष म्हटलं तर मी भांडेन. सर्जापूर रोडवरून अख्खं शहर ओलांडून, वैतागून मी त्यांच्या दारात पोचलो की फिल्टरमधलं पहिलं दाट डिकॉक्शन माझंच असतं. मामा त्याच पुडीत पुन्हा पुन्हा पाणी ओतून मागाहून उतरलेली कॉफी घेतात आणि "छान उतरलीय हं" म्हणतात. "त्यात कॉफी कसली, कॉफीची आठवण असते," असं मामी आतून ओरडतात. मामांची सगळी काटकसर स्वतःपुरती, हीच खरी अडचण.

कारण मामांना काचबिंदू निघाला. नजर बाजूंनी आकसत आत येणार, गेलेली परत येणार नाही, रोज दोन्ही डोळ्यांत थेंब घातले तर आहे ती राहील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बाटली उघडली की महिन्याने, आत औषध असलं तरी, फेकून द्यायची. आता शिल्लक असलेली बाटली फेकायची, आणि ती मामांनी! दिवाळीत उघडलेली बाटली संक्रांतीनंतरही चालू होती. कशी, तर मामा उजव्या कुशीवर आडवे होत, वरच्या डाव्या डोळ्यात एक थेंब सोडत आणि ओघळलेलं औषध नाकाच्या उतारावरून उजव्या डोळ्यात नेत. "एका थेंबात दोन डोळे," असं त्यांनी मला प्रात्यक्षिकासह दाखवलं, आणि मला हसू आलं. मला वाटलं, करून दाखवण्यापुरती गंमत आहे.

मग एकदा मामींचा फोन आला. जेवताना त्या मामांच्या डावीकडे पोळी घेऊन उभ्या होत्या आणि मामा स्वयंपाकघराकडे बघून हाका मारत होते, "अगं, पोळी आणतेस ना?"

मी रजा टाकली आणि मामांना दवाखान्यात नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "ड्रॉप्स स्किम्प माडबेडी अंत हेळिदनल्ला, सर?" स्किम्प करू नका म्हणून सांगितलं होतं ना मी?

मामा ताठ बसून म्हणाले, "इल्ला डॉक्टर. ओंदु दिनानू माडिल्ला." एक दिवससुद्धा नाही केलं.

बाहेर पडल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "जावईबापू, हे स्किम्प म्हणजे नक्की काय असतं हो? मला वाटलं डोळ्यांचा काहीतरी व्यायाम असेल. बाई करू नका म्हणाल्या, मी नाही केला."

दिवसभर इंग्रजीत बोलून पोट भरणारा मी, फुटपाथवर उभा राहून मराठी शब्द शोधू लागलो. काटकसर म्हणावं तर तो त्यांना गौरव वाटला असता. शेवटी म्हटलं, "मामा, जिथे पुरतं द्यायला हवं, तिथे हात आखडता घेणं."

"मी? कुठे घेतला?"

"डोळ्यांच्या बाबतीत."

रिक्षा आली, आम्ही बसलो. मामा भाड्यावरून एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा मला फार वाईट वाटलं. मल्लेश्वरम जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, "अहो, पण औषध शिल्लक असताना बाटली टाकायची कशी?" मला त्यांचा संताप आला. नजर वितळत असताना या माणसाने तळाशी उरलेलं पाणी जपलं होतं.

घरी आल्यावर मामींनी नवी बाटली उघडली. मामा यावेळी सरळ उताणे पडले. मामींना थेंब घालायची सवय नव्हती. एक थेंब डोळ्यात पडला, दुसरा गालावरून उशीत गेला. मामांचं बोट सवयीने तो टिपायला उठलं, आणि तसंच खाली आलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आणखी एक घाल."

थेंब घालून झाल्यावर मामी नेहमीसारख्या त्यांच्या डाव्या हाताशी टेकल्या. मामांनी चाचपून त्यांचा हात धरला.

"तिथे नको गं. समोर ये. जेवढं उरलंय, त्यात बस."